खाण्याचे विकार: घरच्यांनी ओळखायच्या खुणा आणि शरीरावर होणारे परिणाम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि काही वेळा स्वतः रुग्ण खाण्याच्या विकारांबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती वाचून निदान करता येणार नाही. डॉक्टरांकडे जायला उशीर होऊ नये, एवढ्यासाठी ती आहेत. वजनाचे आणि उष्मांकांचे आकडे जाणीवपूर्वक टाळले आहेत, कारण आजारी व्यक्तीच्या वाचनात असे आकडे आले की ती त्यांच्याशी स्पर्धा करू लागते.

मुलगी डाएट करते आहे. त्याला आजार केव्हा म्हणायचे?

वजन कमी करू पाहणारी निरोगी व्यक्ती लग्नाच्या पंगतीत एखादी जिलबी खाते, दोन दिवस नियम मोडते आणि त्याचे फारसे काही वाटून घेत नाही. विकारात नियम मोडणे शक्यच होत नाही, आणि मोडला तर त्याची भरपाई करावी लागते: पुढचे जेवण टाळून, मध्यरात्री खोलीत व्यायाम करून, उलटी काढून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन. आणखी एक फरक असा की, साध्या डाएटला एक उद्दिष्ट असते आणि ते गाठले की डाएट सैल होते, तर विकारात उद्दिष्ट पुढे पुढे सरकत राहते. खाणे, वजन आणि शरीराचा आकार यांचे विचार दिवसाचा बहुतेक वेळ व्यापू लागले, त्यापायी अभ्यास, मैत्री, झोप किंवा घरातले बोलणे बिघडू लागले, तर तो आजार आहे असे धरूनच पुढचे पाऊल उचलावे. तपासणीत तसे काही निघाले नाही तर नुकसान काहीच होत नाही. वाट पाहण्यात मात्र मोठे नुकसान होऊ शकते.

या विकारांचे प्रकार कोणते?

ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात व्यक्ती खाणे इतके कमी करते की शरीराची गरज भागत नाही, आणि वजन घटूनही वजन वाढण्याची भीती कमी होत नाही. १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. बुलिमिया नर्व्होसामध्ये थोड्या वेळात ताबा सुटून खूप खाल्ले जाते आणि नंतर उलटी, रेचके, उपवास किंवा अतिव्यायाम यांनी ते ‘फेडले’ जाते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या विकाराची वेगळी ओळख करून दिली. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये ताबा सुटून खाणे असते, पण अशी भरपाई नसते. त्यानंतर शरम आणि स्वतःबद्दलचा तिटकारा उरतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला.

याशिवाय काही मुले वजनाच्या भीतीने नव्हे, तर पदार्थाचा पोत, वास, घास अडकण्याची किंवा उलटी होण्याची भीती यांमुळे फारच मोजके पदार्थ खातात आणि त्यांची वाढ खुंटते. ‘नाटके करतो’ म्हणून या मुलांकडे दुर्लक्ष होते. व्यवहारात अनेक रुग्ण कोणत्याही एका व्याख्येत नीट बसत नाहीत आणि काळानुसार एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातात. त्यामुळे प्रकार कोणता याचा काथ्याकूट घरच्यांनी करू नये.

हा पाश्चात्त्य देशांतील, श्रीमंत घरांतील मुलींचा आजार नाही का?

नाही, आणि हा समज रुग्णांना महागात पडतो. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की तेथील ॲनोरेक्सियाचे अनेक रुग्ण ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असे म्हणतच नव्हते. पोट फुगते, भूक लागत नाही, अशी त्यांची तक्रार असे. आपल्याकडेही हेच चित्र वारंवार दिसते. ‘अन्न खाली उतरतच नाही’, ‘दोन घास खाल्ले की पोट गच्च होते’, ‘जेवले की ॲसिडिटी होते’ असे मुलगी सांगते, घरचे तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेतात, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी होते, अहवाल ठीक येतात, मग आयुर्वेदिक काढे सुरू होतात, कुणीतरी दृष्ट काढायला सांगते, आणि यात वर्ष निघून जाते. पोटाची तक्रार खोटी नसते, कारण उपाशी शरीरात जठर खरोखरच हळू रिकामे होते. पण ती आजाराचे मूळ नसून परिणाम असते.

बाहेरून येणाऱ्या प्रतिमांचा प्रभावही खरा आहे. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. तेथे सुदृढ बांधा पूर्वापार मानाचा समजला जाई. संशोधक ॲन बेकर यांच्या पाहणीत, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी काढणारी शाळकरी मुलगी १९९५ मध्ये एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. तालुक्याच्या गावातील मुलीच्या हातात आज मोबाइल आहे, हे लक्षात घेतले तर ‘आमच्याकडे असले काही नसते’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

घरात सर्वात आधी काय लक्षात येते?

बहुतेक वेळा वजन घटलेले लक्षात येण्याआधी ताटावरचे वागणे बदललेले असते. पोळीचे नखाएवढे तुकडे होतात आणि ते आमटीत बुडवून बराच वेळ तसेच ठेवले जातात. भाजी ताटभर पसरवली जाते, म्हणजे खाल्ल्यासारखी दिसते. भात आधी बंद होतो, मग तूप, मग पोळी. प्रत्येक वेळी कारण पटण्याजोगे असते. ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’, ‘कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये झाले’, ‘नंतर खोलीत घेऊन बसते’ ही वाक्ये रोजची होतात. शाळेचा डबा धुतलेला परत येतो आणि आईला बरे वाटते. डब्यातली पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तराच्या तळाशी किंवा कपाटामागे सापडते, तेव्हा उलगडा होतो. गंमत वाटावी अशी, पण महत्त्वाची खूण म्हणजे हीच मुलगी इतरांसाठी हौसेने केक आणि पावभाजी करते, रात्री रात्री पाककृतींचे व्हिडिओ पाहते, धाकट्या भावाला आग्रहाने वाढते आणि स्वतः एक घासही घेत नाही.

कपडे ढगळ होतात, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि स्वेटर येतो. वजनकाट्यावर दिवसातून अनेकदा उभे राहणे, मनगट किंवा मांडी बोटांनी मोजणे, आरशासमोर वेळ घालवणे किंवा उलट आरसा आणि फोटो पूर्णपणे टाळणे, हेही पाहावे. बसून अभ्यास करण्याऐवजी येरझाऱ्या घालत अभ्यास होतो. वाढदिवस, हळदीकुंकू, केळवण अशा जेवणाच्या प्रसंगांना जाण्याआधी चिडचिड होते आणि शेवटी जाणे टळते.

ताबा सुटून खाण्याच्या विकारात खुणा वेगळ्या असतात. रात्रीतून बिस्किटांचे पुडे, फराळाचे डबे, फ्रीजमधला भात संपतो. खाऊची वेष्टने गादीखाली सापडतात. पैसे कमी पडू लागतात. जेवण झाले की लगेच स्नानगृहात जाणे आणि नळ बराच वेळ सोडून ठेवणे, तोंडाला किंवा बेसिनला आंबूस वास येणे, औषधांच्या दुकानातून रेचके किंवा ‘वजन घटवणारी’ चूर्णे आणली जाणे, या गोष्टी एकत्र दिसल्या तर त्यांचा अर्थ गंभीरपणे घ्यावा.

कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नसते. मात्र तीन-चार खुणा काही आठवडे एकत्र टिकल्या आणि सोबत स्वभाव बदलला, हसरी मुलगी घुमी झाली, तर थांबू नये.

आमच्याकडे उपासतापास नेहमीचेच आहेत. व्रत आणि विकार वेगळे कसे ओळखायचे?

हा प्रश्न मराठी घरांत फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर नाजूकपणे द्यावे लागते, कारण संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांना आपल्या घरांत मान आहे आणि तो असावा. व्रताला ठरलेली तिथी असते, ते सोडण्याची वेळ असते, आणि उपवास सुटताना चंद्रोदयानंतर मोदक किंवा दुसऱ्या दिवशी पारण्याचे जेवण आनंदाने होते. विकारात उपवास सुटतच नाही. सोमवारला गुरुवार जोडला जातो, मग शनिवार. घरचे साबुदाण्याची खिचडी खात असताना ही व्यक्ती फक्त ताक किंवा पाणी घेते. पारण्याच्या ताटापुढे तिचा चेहरा उतरतो. आजारी पडल्यावर, परीक्षेच्या दिवसांत किंवा डॉक्टरांनी सांगितल्यावरही उपवास सोडायची तयारी नसेल, तर कारण श्रद्धेचे नाही असे समजावे.

व्रताचे कौतुक होते, म्हणून आजाराला तेथे आडोसा मिळतो. ‘या वयात केवढी निष्ठा’ असे नातेवाईक म्हणतात आणि मुलीला पुढच्या उपवासासाठी बळ मिळते. आजीने किंवा घरच्या गुरुजींनी ‘अशक्त माणसाला उपवास लागू नाही, तुझ्या वाट्याचा मी करते’ असे सांगितले, तर अनेकदा डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. ज्यांना हा विकार पूर्वी झाला होता, त्यांनी बरे झाल्यानंतरही कडक उपवास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

वजन नेहमीसारखेच आहे, उलट थोडे जास्तच आहे. तरीही विकार असू शकतो का?

होय. किंबहुना खाण्याचा विकार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हडकुळ्या दिसत नाहीत. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण राहते. जी व्यक्ती आधी स्थूल होती आणि जिने थोड्या महिन्यांत झपाट्याने वजन घटवले, तिची नाडी मंदावलेली, पाळी थांबलेली आणि रक्तातील क्षार बिघडलेले असू शकतात, आणि त्याच वेळी सगळे तिचे अभिनंदन करत असतात. अशा व्यक्तींचा आजार सर्वात उशिरा ओळखला जातो, म्हणून वजनकाट्याकडे किंवा अंगकाठीकडे पाहून निष्कर्ष काढण्याची सवय आपण सोडली पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलांत तर वजन घटणेच आवश्यक नाही. वर्षभर उंची आणि वजन वाढलेच नाही, शाळेच्या आरोग्य तपासणीतील आलेख सपाट झाला, हीसुद्धा धोक्याची सूचना असते.

मुलांना, पुरुषांना हा आजार होतो का?

होतो. मुलांच्या बाबतीत तो बहुधा ‘फिटनेस’ म्हणून खपून जातो. बारीक होण्यापेक्षा स्नायू दिसण्याची ओढ असते. जिममध्ये रोज कित्येक तास, उकडलेली अंडी आणि प्रोटीनची पावडर, दुखापत झाली तरी सुट्टी नाही, आणि एक दिवस चुकला तर प्रचंड अस्वस्थता. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो अशा वजनगटांच्या खेळांत स्पर्धेपूर्वी वजन उतरवण्यासाठी पाणीसुद्धा तोडले जाते. लांब पल्ल्याची धाव, जिम्नॅस्टिक्स आणि शास्त्रीय नृत्य या क्षेत्रांतही धोका अधिक आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंतील ऊर्जेच्या तुटवड्याची संकल्पना मांडली, ती स्त्री आणि पुरुष दोघांनाही धरून. वस्ताद आणि प्रशिक्षक यांचा शब्द या मुलांसाठी प्रमाण असतो, तेव्हा ‘दोन किलो उतरव’ असे सांगताना त्यांनी जपून बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शरीरावर नेमके कोणते परिणाम होतात?

अन्न कमी पडले की शरीर काटकसर सुरू करते. नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘खेळाडूची नाडी मंदच असते’ असे म्हणून याकडे कानाडोळा होतो; पण खेळाडूचे हृदय बळकट असल्यामुळे नाडी मंद असते, येथे हृदयाचा स्नायूच झिजलेला असतो. हातपाय गार पडतात, बोटांची टोके निळसर होतात, डोक्यावरचे केस मूठमूठ गळतात आणि पाठीवर व हातांवर मऊ बारीक लव उगवते.

उलट्या आणि रेचके यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटते, आणि हा सर्वात फसवा धोका आहे, कारण चालत-बोलत, कॉलेजला जात असलेल्या व्यक्तीच्या हृदयाचे ठोके त्यामुळे अचानक अनियमित होऊ शकतात. वारंवार उलट्या करणाऱ्या व्यक्तीच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजते, दातांना गार-गरम झोंबते; म्हणून कित्येकदा पहिली शंका दंतवैद्याला येते. उलटीनंतर लगेच ब्रश घासल्याने झीज वाढते, तेव्हा फक्त पाण्याने चूळ भरावी. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगलेले दिसतात आणि त्या व्यक्तीला वाटते की आपला चेहरा जाड झाला. मग ती खाणे आणखी कमी करते. हाताच्या बोटांच्या पेरांवर दातांचे व्रण किंवा घट्टे दिसू शकतात. रेचकांमुळे चरबी घटत नाही, केवळ पाणी आणि क्षार जातात, आणि दीर्घकाळ वापरल्यास आतड्याचे स्वाभाविक काम मंदावते.

मुलींमध्ये पाळी अनियमित होते किंवा थांबते. येथे एक चूक सर्रास होते: पाळी आणण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जातात, रक्तस्राव होतो आणि सगळ्यांना वाटते की प्रश्न सुटला. हा रक्तस्राव गोळ्यांमुळे होतो, शरीर सावरल्यामुळे नव्हे, आणि त्याने हाडांचे रक्षण होत नाही. पाळी थांबली असली तरी गर्भधारणा होऊ शकते, हेही सांगून ठेवायला हवे. हाडांचे नुकसान मला सर्वात जास्त चिंतेचे वाटते, कारण आयुष्यभराची हाडांची पुंजी मुख्यत्वे किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीस जमा होते. ती वर्षे वाया गेली तर नंतर वजन सावरूनही हाडे पूर्ण भरून येतील याची खात्री नसते. विशीतल्या मुलीचे पाऊल साध्या धावण्याने मोडते, ते याच कारणाने.

मेंदूही यातून सुटत नाही. एकाग्रता ढासळते, निर्णय घेता येत नाही, झोप तुटक होते, मन उदास राहते. स्कॅनमध्ये मेंदूचा करडा भाग आक्रसलेला दिसू शकतो. पोषण सुधारल्यावर तो बऱ्याच अंशी पूर्ववत होतो, ही आश्वासक गोष्ट आहे. बिंज ईटिंगमध्ये वजन वाढत गेल्यास मधुमेह, उच्च रक्तदाब आणि यकृतात चरबी साठणे यांचा धोका वाढतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या किशोरवयीन मुलामुलींची साखर कारण न सापडता सतत वाढलेली राहत असेल आणि वजन घटत असेल, तर खाण्याच्या विकाराची शंका डॉक्टरांपुढे स्पष्ट बोलून दाखवावी, कारण या जोडीत जिवाला धोका फार लवकर उद्भवतो.

रक्ताचे सगळे अहवाल चांगले आले. मग काळजी नाही ना?

काळजी आहे. शरीर शेवटपर्यंत रक्तातील प्रमाणे सांभाळण्याचा प्रयत्न करते आणि गंभीर आजारातही अहवाल चांगले येऊ शकतात. नाडी, झोपून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब, शरीराचे तापमान, ईसीजी आणि आधीच्या वजन-उंचीची नोंद या गोष्टी अहवालाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

ती म्हणते, ‘मला काहीही झालेले नाही.’ समजावून सांगूनही पटत का नाही?

यासाठी एक जुना प्रयोग माहीत असणे उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धग्रस्त युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांना आधी कोणताही मानसिक आजार नव्हता. काही आठवड्यांत ते अन्नाखेरीज दुसरा विचार करीनासे झाले. पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, एकेका ताटावर तासन्‌तास रेंगाळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पोटभर अन्न पुन्हा सुरू झाल्यावरही काहींचे खाणे बरेच दिवस ताब्यात येत नव्हते.

मुलीच्या हट्टीपणाचा किंवा विचित्र वागण्याचा बराचसा भाग उपासमारीचाच परिणाम असू शकतो, हे यावरून ध्यानात येते. ॲनोरेक्सियात त्याच्या जोडीला आजाराची जाणीवच पुसट झालेली असते. म्हणून ‘आधी तिला पटू दे, मग डॉक्टरांकडे नेऊ’ हा क्रम चुकीचा आहे. पोषण सुधारू लागल्यावर पटण्याची शक्यता वाढते. मुलगी अल्पवयीन असेल तर निर्णय पालकांनी घ्यायचा आहे.

यातून जीव जाऊ शकतो का? तातडीने रुग्णालयात केव्हा न्यावे?

जाऊ शकतो. मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वाधिक दरांपैकी एक आहे. साधारण पाचांपैकी एक मृत्यू आत्महत्येमुळे होतो, उरलेल्यांत हृदयाच्या गुंतागुंती प्रमुख आहेत. अमेरिकी गायिका कॅरन कार्पेंटर यांचा ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी याच आजारातील हृदयविकाराने मृत्यू झाला, तेव्हा अनेकांनी या आजाराचे नाव प्रथमच ऐकले. त्याआधीच्या वर्षी त्यांनी उपचार घेतले होते आणि त्यांचे वजन वाढले होते, ही बाब विसरू नये.

चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा धडधडणे, आकडी, गोंधळलेले बोलणे, उलटीत रक्त, पाणीसुद्धा नाकारणे, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे, किशोरवयीन व्यक्तीची नाडी जागेपणी मिनिटाला ५० पेक्षा कमी असणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे किंवा स्वतःला इजा करणे हेही तितकेच तातडीचे आहे. अशा वेळी व्यक्तीला एकटे सोडू नये.

म्हणजे आता भरपूर खायला घातले की झाले?

असे कृपा करून करू नका. बऱ्याच दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपेट, विशेषतः गोड आणि पिष्टमय अन्न दिले की शरीरातील इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदय व श्वसन धोक्यात येऊ शकते. महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हा प्रकार प्रकर्षाने लक्षात आला. जी व्यक्ती अनेक दिवस जवळजवळ काहीच खात नव्हती किंवा जिचे वजन झपाट्याने उतरले आहे, तिचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करत वाढवावे लागते. सलाइन लावून घरी पाठवणे हाही उपचार नव्हे. ग्लुकोजच्या सलाइनने हाच धोका वाढू शकतो.

तिच्याशी बोलायचे कसे?

जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नये. दोघांनाच निवांतपणा असेल अशी वेळ पाहावी आणि जे डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे: ‘गेले महिनाभर तू आमच्यासोबत जेवत नाहीस, परवा तुला चक्कर आली, मला काळजी वाटते, उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ.’ पहिल्यांदा राग येईल, नकार येईल. आवाज न चढवता पुन्हा बोलावे. ‘किती वाळलीस’ हे वाक्य आजारी मनाला शाबासकीसारखे लागते, आणि ‘आता कशी छान भरलीस, अंगावर मूठभर मांस चढले’ हे बरे होत असलेल्या मुलीला पुन्हा उपाशी राहायला लावू शकते. शरीरावर कोणतीच टिप्पणी नको, कौतुकाचीही नको, आणि हे मावशी-काकूंनाही आधी बजावून ठेवावे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म, पानात टाकू नये’ ही शिकवण योग्यच आहे, पण आजारी व्यक्तीला ती अपराधाची टोचणी म्हणून सुनावू नये. लग्नासाठी स्थळे पाहणे सुरू असेल तर ते काही काळ थांबवलेले बरे.

आमचे काही चुकले का?

कोणत्याही एका कारणाने हा आजार होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. काटेकोर, चिंतातुर किंवा परिपूर्णतेचा ध्यास घेणारा स्वभाव, वजनावरून झालेली चिडवाचिडवी, लैंगिक अत्याचार किंवा इतर आघात, आणि पुष्कळदा अगदी साध्या वाटणाऱ्या डाएटने झालेली सुरुवात, अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. आईवडिलांना दोष देण्याची पूर्वीची पद्धत आता मागे पडली आहे. उपचारात त्यांची मदत लागते, आणि अपराधी भावनेने खचलेले पालक ती मदत करू शकत नाहीत.

कोणाकडे जावे आणि उपचार काय असतात?

सुरुवात कुटुंबाच्या डॉक्टरांपासून किंवा बालरोगतज्ज्ञापासून केली तरी चालते. शारीरिक धोका तपासल्यावर मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे तिघे मिळून काम करतात. मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि जे. जे., पुण्यातील ससून, गोव्यात बांबोळी येथील मनोरुग्णालय अशा सार्वजनिक संस्थांत मनोविकार विभाग आहेत. बेंगळुरूची निम्हान्स संस्था देशभरातील रुग्ण पाहते. कोणाकडे जावे हेच सुचत नसेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर केव्हाही विनामूल्य बोलता येते. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती सर्वात अधिक उपयोगी ठरली आहे. तिच्यात सुरुवातीला जेवणाची सर्व जबाबदारी आईवडील घेतात: काय वाढायचे, किती वाढायचे हे ते ठरवतात आणि ताट संपेपर्यंत सोबत बसतात. पुढे ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत दिली जाते. एकत्र कुटुंबात आजी-आजोबांनाही या कामात घेता येते, फक्त ताटाबाबत सगळ्यांचे एकमत हवे. आजोबांनी हळूच ‘राहू दे गं, नको असेल तर’ म्हटले की दिवसभराची मेहनत वाया जाते. बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत प्रभावी आहे. बुलिमियात फ्लुऑक्सेटिन या औषधाचा उपयोग होतो. ॲनोरेक्सियात मात्र अन्न हेच मुख्य औषध आहे. उलट्या होत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण नैराश्यावरील काही औषधांनी अशा रुग्णांत आकडीचा धोका वाढतो.

खर्चाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. दावा नाकारला गेल्यास लेखी कारण मागून घ्यावे.

माणूस पूर्ण बरा होतो का? किती काळ लागतो?

होतो, पण वेळ लागतो, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. अमेरिकेतील बॉस्टन येथे रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी ९ वर्षांनी सुमारे एक तृतीयांश बरे झालेले होते, तर २२ वर्षांनी जवळजवळ दोन तृतीयांश. अनेक वर्षे आजारी असलेल्या व्यक्तीबद्दलही ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हणता येत नाही. आजार सुरू झाल्यावर लवकर उपचार मिळाले तर वाटचाल बरीच सोपी होते.

शरीर आधी सावरते, मन नंतर. वजन पूर्ववत झाले म्हणून उपचार थांबवू नयेत. पहिल्या वर्षात आजार उलटण्याची शक्यता अधिक असते. दहावी-बारावीच्या परीक्षा, वसतिगृहात जाणे, लग्न ठरणे, बाळंतपण, अगदी साधा ताप येऊन चार दिवस जेवण सुटणे, अशा वेळी जेवणाच्या वेळा पुन्हा चुकू लागल्या, वजनकाटा पुन्हा बाहेर निघाला किंवा पोळीचे ते बारीक तुकडे पुन्हा दिसू लागले, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करावा.